चढावरचे रुळांचे कोडे: बोरघाट आणि माथेरान

एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येतात, बाजूच्या फाट्यावर एखाददुसराच डबा मावतो, आणि कमीत कमी हालचालींत त्या एकमेकींपलीकडे काढायच्या असतात. सॅम लॉइड या अमेरिकी कोडेकाराने लोकप्रिय केलेल्या या कोड्यात जमीन सपाट असल्याचे न सांगताच गृहीत धरलेले असते. जमिनीला चढ दिला की कोडे पालटते, कारण सुटा डबा जागेवर उभा राहत नाही आणि गाडी वळवण्याइतकी जागा डोंगर देईलच असे नसते. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत या पालटलेल्या कोड्याची दोन उत्तरे प्रत्यक्ष रुळांवर उतरली, आणि त्यांतले दुसरे अधिक धाडसी म्हणावे लागेल.

पहिले बोरघाटाचे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गावर खंडाळ्याजवळ उलट-स्थानक होते; तेथे गाडी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. वळण वाचले, पण प्रत्येक फेरीला तेवढा वेळ जाणे ठरलेले होते, आणि १९२९ मध्ये मार्ग बदलेपर्यंत ते चुकले नाही.

दुसरे माथेरानचे. आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली बांधलेली नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये धावू लागली. दोन फुटी रुळांवर सुमारे २० किलोमीटरांत साडेसातशे मीटरांच्या आसपास चढायचे होते, आणि तीव्र ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट वर, असा चढ होता. वाटेतल्या माउंट बॅरीपाशी उलट-स्थानक टाळण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घातला गेला. खर्च एकदाच झाला आणि गाडीची दिशा कायम राहिली. अडचण मात्र इंजिनाकडे सरकली, कारण चाकांच्या तीन जोड्या चौकटीत घट्ट बसवलेले इंजिन इतक्या अरुंद वळणावर अडते. म्हणून ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनांत क्लीन-लिंडनर रचना वापरली गेली: पुढच्या व मागच्या जोडीचा आस, म्हणजे चाके जोडणारा दांडा, पोकळ नळीत बसे; आतला दांडा चौकटीत सरळ राही, आणि मधल्या गोल सांध्यामुळे बाहेरची नळी चाकांसह वळणाबरोबर तिरकी होई.

याच मार्गावरच्या जुम्मापट्टी स्थानकात मूळ कोडे जवळजवळ जसेच्या तसे उरते, कारण चढती आणि उतरती गाडी तेथे एकमेकींना वाट देतात. पण डबे सोडून मागेपुढे करण्याची मुभा चढावर नसल्याने फाटा अख्खी गाडी मावेल एवढा लांब असावा लागतो, आणि गाडी त्याच मापात ठेवावी लागते.