कूड, तियात्र आणि सरहद्द

गोव्याच्या अर्वाचीन इतिहासाची आपली मांडणी बहुधा तहनामे, सत्याग्रह आणि 19 डिसेंबर 1961 या मुक्तिदिनाभोवती फिरते. ते योग्यही आहे. परंतु या मांडणीत एक मोठा समाज जवळजवळ अदृश्य राहतो. त्याचे घर पोर्तुगीज राज्यात होते, पोट ब्रिटिश मुंबईत होते, आणि आयुष्याचा बराच काळ या दोहोंच्या मधल्या वाटेवर जात होता. हे लोक फावल्या वेळात काय करीत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. माझ्या मते मात्र या समाजाचा खरा इतिहास त्याच्या फावल्या वेळातच सापडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 1878 च्या आंग्ल-पोर्तुगीज तहाने दोन्ही राज्यांमधील जकातीची भिंत तात्पुरती दूर झाली आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग घालण्याचे ठरले. 1888 मध्ये तो सुरू झाला. शेतीचे उत्पन्न तुटपुंजे, जमीन भाटकाराची. त्यामुळे बार्देस आणि सासष्टीतील तरुण आचारी, बटलर, वादक, शिंपी, आणि सर्वांत अधिक संख्येने ‘तारवटी’ म्हणजे जहाजावरचे नोकर होऊन मुंबईस येऊ लागले. कोणी आगबोटीने येई, कोणी रेल्वेने. आगबोट पावसाळ्यात बंद असे. रेल्वेच्या वाटेवर कॅसल रॉक हे ब्रिटिश हद्दीचे ठाणे, आणि दूधसागरचा घाट उतरल्यावर कुळे हे पोर्तुगीज हद्दीचे. गावी जाणाऱ्याला आपल्याच घरच्या वाटेवर सामानाची ट्रंक उघडून दाखवावी लागे.

मुंबईत या ट्रंकेला स्थान मिळाले ते ‘कुडी’त. कोंकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, माझगाव, डाबूळ या भागांत गोव्यातील एकेका गावाने आपापली कूड उभारली. अशा शेकडो कुडी होत्या. सभासद त्या गावचाच पाहिजे, वर्गणी अगदी अल्प, आणि खाजगी मालकीची जागा म्हणजे भिंतीलगत ठेवलेली आपली पेटी. एका कोपऱ्यात गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सर्वांनी एकत्र ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणावयाची, आणि वर्षातून एकदा गावच्या फेस्ताप्रमाणे येथेही संताचा सण साजरा करावयाचा. उरलेल्या वेळी पत्ते, कॅरम, गिटार, आणि गावाकडून नुकत्याच आलेल्या माणसाभोवतीचा घोळका.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कुडीतील मोकळा वेळ हा कामगाराची सुट्टी नव्हता. तारवट्याचा करार संपला की तो किनाऱ्यावर उतरे, आणि पुढचे जहाज मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने, बसून राही. त्या काळात मिळकत शून्य. म्हणजे ज्याला आपण विरंगुळा म्हणतो, ती त्याच्या दृष्टीने बेकारी होती. विश्रांती आणि रिकामपण यांत बाहेरून फरक दिसत नाही. आतून तो फार मोठा असतो. कुडीचे कर्तृत्व हे, की तिने या रिकामपणाला वेळापत्रक, नियम आणि सोबत दिली. परक्या शहरात माणूस बिघडू नये ही गावाची चिंता त्यामागे होतीच. परंतु त्यातून जे निर्माण झाले ते निव्वळ शिस्तीपेक्षा बरेच अधिक होते.

तियात्र हे त्याचे ठळक उदाहरण. 17 एप्रिल 1892 रोजी, ईस्टर रविवारी, लुकाझिन रिबेरो याने मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा खेळ केला. तोच पहिला तियात्र मानला जातो. नाव पोर्तुगीज, प्रेरणा मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेऱ्याची, भाषा कोंकणी. योगायोग असा, की 1878 च्या तहाची मुदत याच 1892 साली संपली आणि जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली.

पुढे जुआंव आगुश्तीन फेर्नांदिस याने या प्रकारास बांधीव संहिता दिली. 1904 मध्ये त्याच्या ‘भाटकारा’ या तियात्रात त्याची पत्नी रेजिना रंगमंचावर उभी राहिली. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते 1905 साली, आणि स्त्रीपार्टाचे मराठी युग त्यानंतर ऐन बहरात आले, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. विषयही पाहण्यासारखा आहे: गावच्या जमीनदाराविषयी गावात जे उघड बोलणे अवघड, ते मुंबईत तिकीट लावून बोलता येत होते. पोर्तुगालमध्ये सालाझारची राजवट आल्यावर गोव्यात संहिता आधी तपासून घ्यावी लागे. मुंबईतील भांगवाडीच्या रंगमंचावर तो जाच नव्हता.

हिंदू गोमंतकीयांची वाट थोडी वेगळी. त्यांच्या करमणुकीची भाषा प्रामुख्याने मराठी राहिली. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ ही नावे आपण मराठी संगीताच्या इतिहासात इतकी सहज घेतो, की ही माणसे कायद्याने दुसऱ्या देशात जन्मली होती याचे स्मरणच राहत नाही. 1919 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनने पुढे मराठी रंगभूमीस काय दिले, ते वेगळे सांगावयास नको.

या साऱ्याची खरी परीक्षा झाली 1955 मध्ये. सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले, रेल्वे थांबली, पैसे पाठविण्यावर बंधने आली, परवान्याशिवाय सरहद्द ओलांडता येईना. राष्ट्राच्या दृष्टीने ते पाऊल समर्थनीय होते. पण कुडीतल्या माणसाचा पगार मुंबईत आणि चूल गोव्यात होती. गावच्या फेस्ताला तो पोचू शकत नसे तेव्हा कुडीतील फेस्त हे केवळ स्मरणोत्सव राहिले नाही. तेच त्याचे गाव झाले.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कूड ही पुरुषांची होती. मुंबईतील संध्याकाळींत पत्ते आणि गाणी होती. त्याच वेळी गावी शेत, सासू-सासरे आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला फावला वेळ कितपत मिळत होता? तियात्रातील गीतांत ती वाट पाहणारी म्हणून येते. तिच्या दिवसाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

1961 नंतर सरहद्द नाहीशी झाली. यथावकाश तियात्राचे केंद्र गोव्यात सरकले, कुडींची संख्या घटत गेली. काही आजही तग धरून आहेत. सरहद्दीने जे दुखणे दिले, त्यावर केलेला इलाज म्हणजे कूड आणि तियात्र. दुखणे गेल्यावर कुडीचे महत्त्व ओसरले, तियात्र मात्र टिकला, कारण तो एव्हाना इलाज राहिला नव्हता. तो कला झाला होता. रिकामपणातून एखादा समाज काय घडवू शकतो याचा हा दाखला आहे, आणि तो तहनाम्यांइतकाच इतिहासाचा ऐवज आहे.