अंगातलं बळ कुणाचं?



आज देवाच्या दारात बसून आपण मातीच्या गोष्टी करणार आहोत. माती म्हणजे तालमीतली लाल माती. कुणी म्हणेल, बुवा, कीर्तनात कुस्ती कशाला आणली? संत तर सांगून गेले की देह नाशिवंत आहे. मग जोर-बैठका मारून तो कमवायचा कशाला?

शंका रास्त आहे. पण मायबाप हो, मीही एक विचारतो. महाराष्ट्रात तुम्ही तालीम पाहिली आणि तिथं मारुतीराया दिसला नाही, असं कधी झालंय का? पोरगं तालमीत शिरलं की आधी मारुतीच्या पाया पडतं, मग मातीच्या पाया पडतं, मग वस्तादाच्या. अंगाला हात लावायचा तो त्यानंतर. देह नाशिवंत खरा, पण पंढरीची वाट चालायची ती याच पायांनी आणि टाळ धरायचा तो याच हातांनी. देह नको असं संतांनी म्हटलंच नाही. देहाचा अभिमान नको, असं म्हटलं. आणि तालमीत गेलेल्या माणसाचं आयुष्य पालटतं ते नेमकं या अभिमानाच्या जागी. तेच आज पाहायचं आहे.

ही विद्या आजकालची नव्हे. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात मथुरेचा आखाडा आहे. कंसानं उत्सव मांडला, हौदा सजवला आणि नंदाच्या पोरांना बोलावून घेतलं. समोर चाणूर आणि मुष्टिक, कंसाच्या पदरचे नामांकित मल्ल. कृष्ण चाणुराला भिडला, बळिराम मुष्टिकाला. पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चाणूर काही कच्चा गडी नव्हता. त्यानंही मेहनत केली होती, डाव त्यालाही येत होते. मग चुकलं कुठं? त्याचं बळ कंसाच्या दावणीला बांधलेलं होतं. ज्याचं खाल्लं त्याच्या शब्दाखातर तो कोवळ्या पोरांना मारायला उभा राहिला. बळ दोघांकडंही होतं. एकाचं बळ गोकुळाच्या कामी आलं, एकाचं जुलमाच्या.

आता पुराणातून इतिहासात येऊ. बाराव्या शतकात कल्याणीला चालुक्यांचा राजा होता, तिसरा सोमेश्वर. त्यानं 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ केला. त्यात मल्लविनोद म्हणून एक प्रकरणच आहे. मल्लांचे प्रकार कोणते, त्यांना खुराक काय द्यावा, त्यांच्याकडून मेहनत कशी करून घ्यावी, हे सगळं राजानं लिहून ठेवलं. आणि गंमत बघा, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, ही नोंदही त्याच ग्रंथात आहे. ज्या ओवीत पुढं माउलींनी गीता सांगितली, ती ओवी आणि कुस्ती एकाच पोथीत नांदतात! आमच्या मातीत या दोन गोष्टी शेजारणी आहेत.

तर तालमीत होतं काय? तुमच्यातल्या पैलवानांना मी सांगायला नको, पण माय-माउल्यांसाठी सांगतो. पहाटे, गाव झोपेत असताना उठायचं. लंगोट कसायचा आणि आधी हातात फावडं घ्यायचं. हौद्यातली माती उकरायची, खालची वर करायची. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालायचा. श्रीमंताचं पोर असो नाही तर मजुराचं, माती उकरायला सगळ्यांना लागतं. मग जोर, बैठका, सपाट्या. मग जोड. आणि जोडीत नवा पोरगा पहिल्या दिवशी काय शिकतो? पडायला शिकतो! त्याला उचलतात आणि आपटतात. तो उठतो, पुन्हा आपटतात. महिनोन् महिने हेच. घरी आईचा लाडका, गल्लीतला दादा, आणि इथं रोज चार माणसांदेखत पाठीला माती लागते.

ऐका माउली, माणसाचा अभिमान घालवायला आम्ही कीर्तनकार तासन् तास बोलतो, आणि तो जात नाही. वस्ताद एक शब्द न बोलता तो काढतो. पडून पडून पोराला कळतं की आपल्याहून तगडा कुणीतरी आहे. मग हेही कळतं की तो तगडा गडी आपला वैरी नाही. तो अंग देतो म्हणून आपल्याला डाव येतो. ढाक असो, कलाजंग असो, धोबीपछाड असो, एकट्यानं भिंतीशी शिकता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी शंभरदा पडावं लागतं. म्हणजे पैलवानाच्या अंगात जे बळ दिसतं, त्यात किती जणांचा वाटा! जोडीदारानं पडून दिलेला, वस्तादानं रात्रंदिवस जागून दिलेला, बापानं कर्ज काढून खुराकातून दिलेला, आईनं आपल्या ताटातलं दूध काढून दिलेला. ते बळ उसनं आहे. उसनं घेतलेलं परत करायचं असतं. हे ज्याला उमगलं त्याची तालीम झाली. ज्याला उमगलं नाही, त्याचं नुसतं अंग सुजलं.

आता हे उसनं कसं फेडतात ते दोन चरित्रांतून बघू. पण त्याआधी कोल्हापूरच्या राजाला मुजरा केला पाहिजे.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर बसले. स्वतः मेहनतीचे, कुस्तीचे दर्दी. १९०२ साली ते युरोपात गेले. रोममधली जुनी गोल रंगभूमी त्यांनी पाहिली आणि आपल्या रयतेसाठी तसं काही करावं असं मनात घेतलं. १९०७ ते १९१२ या काळात कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसते. ज्या १९०२ सालात महाराजांनी हे पाहिलं, त्याच सालच्या जुलैत त्यांनी मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. ज्यांना कुणी जवळ उभं करत नव्हतं त्यांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली. मला ही दोन्ही कामं एकाच मनाची वाटतात. आखाड्यात उतरलेल्याची ओळख त्याच्या डावावरून होते, जन्मावरून होत नाही. वस्ताद हा शब्द तरी कुठला? उस्तादाचा वस्ताद झाला. हिंदू पोरगा मुसलमान वस्तादाच्या पाया पडला आणि मुसलमान पोरानं हिंदू वस्तादाची माती कपाळाला लावली, तेव्हा ही विद्या वाढली. वारीत आपण एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतो, तेव्हा कुठं गाव-कूळ विचारतो?

आता पहिलं चरित्र.

कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. १५ जानेवारी १९२६ ला तिथं दादासाहेब जाधवांच्या घरी मुलगा झाला, नाव खाशाबा. बाप पैलवान, घरात कुस्तीचं वेड. पोरगा अंगानं लहानखुरा, पण चपळ. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला. कोल्हापूरच्या महाराजांनी त्याचा खर्च केला. लाल मातीत वाढलेला हा गडी, तिथं खेळायचं गादीवर, आणि नियमही परके. तरी जगात सहावा आला. दुसरा कुणी असता तर हार-तुरे घेत बसला असता. हा गडी गावी आला आणि पुन्हा मेहनतीला लागला. चार वर्षं!

१९५२ साल आलं. ऑलिंपिक फिनलंडमध्ये, हेलसिंकीला. जायला पैसे नाहीत. घरच्यांनी दारोदार वर्गणी मागितली. कुणी चार आणे दिले, कुणी रुपया. तरी पुरेनात. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी काय केलं माहीत आहे? स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले! मुलगा पोटचा नाही, भावकीतला नाही. विद्यार्थी आहे, एवढंच नातं. आणि १९५२ चे सात हजार म्हणजे आजचे किती, तुम्हीच हिशेब करा.

खाशाबा गेले. ५७ किलोच्या गटात लढले. परक्या मुलखात, पाठीशी फार कुणी नसताना कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताला एकट्यानं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्यानंतर एकट्याच्या बळावर दुसरं पदक यायला १९९६ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! कुस्तीत तर २००८ पर्यंत वाट बघावी लागली.

परत आले तेव्हा कराड स्टेशनावर शंभराहून जास्त बैलगाड्या उभ्या होत्या. हलगी, लेझीम, गुलाल. स्टेशन ते गोळेश्वर एरवी घटकाभराची वाट. मिरवणुकीला सात तास लागले म्हणतात.

पण सज्जनहो, मी हे चरित्र मिरवणुकीसाठी सांगत नाही. मिरवणूक संपल्यावर काय झालं, त्यासाठी सांगतो. गुलाल उतरल्यावर या माणसानं कुस्त्यांची मैदानं भरवली. त्यात स्वतः लढले. आणि जो पैसा गोळा झाला त्यातून गुरुजींचं घर सोडवलं! जगजेत्यांच्या रांगेत उभा राहून आलेला माणूस, पहिलं काम काय, तर ऋण फेडणं. याला म्हणतात तालीम. हे पदक गळ्यात नाही मावत, माउली. हे आत असतं.

पुढं १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. नोकरी इमानानं केली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यांच्या मागं, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्यांनी आपलं देणं फेडलं. आपण त्यांचं देणं किती उशिरा फेडलं, हे ज्याचं त्यानं मनाला विचारावं.

आता दुसरं चरित्र. हे तर आपल्याच घरचं.

पुण्यात १८६७ साली विष्णु नरसिंह जोग जन्मले. तुम्ही आम्ही त्यांना जोग महाराज म्हणतो. आज गावोगाव जे कीर्तनकार उभे राहतात, त्यांतल्या कितीतरी जणांची परंपरा या पुरुषाशी जाऊन भिडते. पण तरुणपणी हे काय होते? मल्ल! व्यायामाचे, कुस्तीचे शौकीन. अंगापिंडानं भक्कम. मग माउलींच्या समाधीपाशी मन जडलं, गळ्यात माळ आली. लग्न केलं नाही, आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं.

आता विचार करा. कुस्ती सुटली, पण तालीम सुटली का? नाही. पहाटे उठायची सवय तीच, फक्त जोराच्या जागी ज्ञानेश्वरी आली. जिभेवर ताबा तोच. शिस्त तीच. आणि १९१७ साली आळंदीला त्यांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिची रीत बघा. शिकवायचा पैसा घ्यायचा नाही. विद्यार्थ्यानं माधुकरी मागून जेवायचं. चार वर्षं गुरूजवळ राहून पाठांतर करायचं. ही तालीम नाही तर काय? चुकला की सगळ्यांदेखत चुकला, पुन्हा म्हण. पडला की पुन्हा ऊठ. बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर असे दिग्गज त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२० साली महाराज गेले. संस्थेला तेव्हा अवघी तीन वर्षं झाली होती, आज शंभरावर झाली. देहात साठवलेलं बळ पिढ्यान् पिढ्या टाळ-मृदंगातून वाजतंय.

आता कानाला कडू लागेल असं एक बोलतो. रागावू नका.

आज गावागावांत काय दिसतं? तालमीत पोरं कमी आणि आरशासमोर दंड मोजणारी जास्त. वर्षाची मेहनत महिन्यात मिळावी म्हणून कुणी इंजेक्शन टोचून घेतं. काळीज आणि मूत्रपिंड खराब होतं, मग आई-बाप दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतात. आणि जी पोरं खरंच कमावलेली आहेत, त्यांना हेरणारे कंस आजही आहेत. कुणाची जमीन बळकवायला, कुणाची वसुली करायला, निवडणुकीत चार माणसं दाबायला पैलवान लागतो. खुराकाचा खर्च तो करतो, आणि पोरगं त्याच्या दावणीला बांधलं जातं. पोरांनो, ज्या दिवशी तुमच्या हातानं गरिबाची कॉलर धरली, त्या दिवशी तुमचा चाणूर झाला. मग मारुतीला घातलेला नारळ काही कामाचा नाही. मारुतीराया बळवंत, पण बळ सगळं रामाच्या कामासाठी. समुद्र ओलांडला, लंका जाळली, आणि परत येऊन हात जोडून उभा!

मग करायचं काय? फार अवघड नाही. पोराला तालमीत घाला. आता तर लेकीही आखाड्यात उतरल्या. २०१६ साली हरियाणाच्या साक्षी मलिकनं ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. तुमच्या लेकीला हौस असेल तर आडवे येऊ नका. पण खुराक देताना एक गोष्ट रोज कानावर घाला, की बाळा, हे दूध कुणाच्या कष्टाचं आहे. जत्रेत रेवड्यांवर कुस्ती खेळणाऱ्या बारक्या पोरालाही टाळी द्या, आणि जो पडला त्याच्या पाठीची माती आधी झाडा. आणखी एक. तुमच्या गावात एखादा म्हातारा पैलवान असेल. एके काळी त्याच्या नावानं मैदान भरायचं. आज गुडघे गेलेत, कान मोडलेले आहेत, पारावर एकटा बसतो. त्याच्याजवळ जा. त्यानं जिंकलेल्या ढालीवर तुमच्या गावाचं नाव आहे. खाशाबांनी गुरूचं घर सोडवलं. तुम्ही त्या म्हाताऱ्याला चहा पाजा आणि औषधाचं विचारा, तेवढं तरी आपल्याच्यानं होईल.

देह जायचा आहे, संतांचं वचन खरं आहे. पण उसनं घेतलेलं बळ फेडून गेला, त्याचा देह कामी आला. पांडुरंगाकडं हेच मागू, की अंगात बळ दे, आणि ते कुणाचं आहे याची आठवण दे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!