हिरडीतलं रक्त : एका आजाराची शंभर वर्षं

चिकपेटचा इतिहास म्हटला की 1537 मध्ये केंपेगौडांनी वसवलेलं गाव येतं, 1638 नंतरची शहाजीराजांची जहागीर येते, कपड्याच्या पेढ्या येतात, रंगारी-शिंप्यांची मराठी घरं येतात. मीही अशाच एका घरातली. पण आज इतिहास सांगायचाय तो माझ्या रक्तातल्या आजाराचा. त्याचं नाव वॉन विलेब्रँड.

या आजारात सकाळी दात घासले की थुंकी लाल होते. आमच्या घरात याला ‘उष्णता’ म्हणत. तुरटीच्या गुळण्या झाल्या, सब्जा झाला. हिरड्या आवळतात म्हणून आजी मिशेरी लावायची. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यानं हिरड्या आवळत नाहीत, उलट खराब होतात.

या आजाराची लेखी गोष्ट सुरू होते फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवर. 1924 मध्ये तिथली पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला डॉ. एरिक वॉन विलेब्रँड यांच्याकडे आणली गेली. तिसऱ्या वर्षी ओठाला झालेल्या जखमेतून इतकं रक्त गेलं होतं की ती जेमतेम वाचली. तिच्या काही बहिणी रक्तस्रावानंच दगावल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्या घराण्यातल्या 66 जणांची माहिती जमवली. 23 जणांना हा त्रास होता. हिमोफिलिया प्रामुख्यानं पुरुषांत दिसतो, पण इथे बायकाही होत्या. रक्तही सांध्यांपेक्षा नाकातून, हिरड्यांतून आणि पाळीत जास्त जात होतं. 1926 मध्ये त्यांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावात गेली.

म्हणून सांगते, घरातल्या मुलीच्या हिरड्यांतून वारंवार रक्त येतं आणि पाळीही फार जाते, तर ‘बायकांना असतंच’ म्हणून सोडू नका. या दोन तक्रारी एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा.

बोट कापलं तर थांबणारं रक्त तोंडात का थांबत नाही? रक्तवाहिनी फुटली की प्लेटलेट तिथे चिकटतात, त्यांना चिकटवणारं प्रथिन माझ्यात कमी आहे. त्यात लाळेत गुठळी विरघळवण्याचा गुण असतो. म्हणजे मुळात कच्ची गुठळी, आणि तीही ओल्यात.

यावरचा उपाय जपानमधून आला. शोसुके आणि उताको ओकामोतो या दांपत्यानं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत गुठळी टिकवणारं औषध शोधायला घेतलं. उताकोंच्या डोळ्यांसमोर बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका होत्या. 1962 मध्ये ट्रानेक्झॅमिक अॅसिड जगापुढे आलं. दहा वर्षांनी, 1972 मध्ये, हिमोफिलियाच्या रुग्णांचे दात काढताना ते दिल्यावर रक्तस्राव कमी होतो, असं ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. आज त्याच्या गुळण्याही देतात, अर्थात डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

पण औषधाइतकंच मोठं काम ब्रशचं आहे. रक्त दिसलं की माणूस घाबरून घासणं सोडतो. मग हिरडीच्या कडेला कीट साचतं, हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी जास्त वाहते. रक्तातला दोष माझ्या हातात नाही. हिरडीची सूज मात्र बरीचशी आहे. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, हलक्या हातानं. दाढ दुखली तर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं घ्यायचं नाही. त्यांनी प्लेटलेट आणखी ढिल्या पडतात. दात काढायचा असेल तर दातांच्या आणि रक्ताच्या डॉक्टरांनी आधी एकमेकांशी बोलायला हवं. दाब देऊनही रक्त थांबत नसेल तर घरी बसायचं नाही.

मला एका दवाखान्यातून ‘तुमच्या दाताला हात लावणार नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. असं झालं तर सरकारी दंत महाविद्यालय आठवा. आमच्या पेठेपासून ते चालत जाण्याजोगं आहे, 1900 मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात. दात आणि रक्त, दोन्हींचे डॉक्टर जवळजवळ असणं आमच्यासारख्यांना फार मोलाचं.

ऑलंडच्या त्या मुलीला आजाराचं नाव मिळालं, औषध मिळालं नाही. आपल्याला दोन्ही मिळालंय. तेव्हा उद्या सकाळी थुंकी लाल दिसली तर ब्रश खाली ठेवू नका, तपासणीची वेळ घ्या. भेटू पुढच्या भागात.