रणातील नावे जपणारी गावे

इटलीतील पेरुजिया प्रांतात मोंतोने नावाचे डोंगरावरचे एक लहानसे गाव आहे. जुलै २०२३ मध्ये तेथे एका सूर्यघड्याळाचे अनावरण झाले. ज्या सैनिकाच्या स्मरणार्थ ते उभारले, तो इटलीचा नव्हता. युरोपातील कोणत्याच देशाचा नव्हता. नाईक यशवंत घाडगे हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. स्मारकासाठी पुढाकार घेतला तो मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन या घड्याळासाठी निवडण्यात आले.

परक्या गावाने आठवण ठेवावी, असे या सैनिकाने काय केले होते?

एका चौकीची लढाई

दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील बाकी सारे ठार वा जखमी झाले. एकटे घाडगे उरले. मागून कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती तोफ आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, तिसऱ्या क्षणी आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीतील गोळ्या संपल्या आणि नव्या भरण्यास वेळ नव्हता. तेव्हा नळीकडून बंदूक धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांचा सामना केला. चौकी हाती आली. पण शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्याच चौकीत त्यांना वीरमरण आले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

त्यांची कबर नाही. ज्या सैनिकांचे दफनस्थान वा दहनस्थान ठाऊक नाही, अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरली आहेत. त्यांत घाडगे यांचे नाव आहे. माणगावात तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे.

इटलीतील हिशेब

इटलीच्या मोहिमेत चौथ्या, आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सुमारे ५० हजार सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ जणांनी प्राण गमावले. इटलीतील सुमारे ४० युद्धस्मशानभूमी व स्मारकांत त्यांची नोंद आहे. या मोहिमेत देण्यात आलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले आणि त्या सहांत दोघे मराठी होते. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले. मग परत जाऊन मशीनगनच्या तीन चौक्या गप्प केल्या. शेवटी नदीच्या बांधावर उभे राहून रणघोष करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. ते युद्धातून परतले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

नावाऐवजी आकडा

घाडगे यांचे नाव तरी दगडावर आले. त्याआधीच्या महायुद्धात हजारो मराठी सैनिकांच्या वाट्याला तेही आले नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. कैदेत असंख्य जवान मेले. त्या मोहिमेतील ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीनिहाय फक्त संख्या लिहिली गेली.

राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात हा भेदभाव मान्य केला. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावाने नोंदच झाली नाही किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. हे बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील होते. आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली.

ज्यांनी आठवण ठेवली

सरकारी शिळेवर जे सुटले, ते काही ठिकाणी गावाने जपले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावातील ४६ जवान कामी आले. पुढेही घरोघरी सैन्यात जाण्याची परंपरा टिकली आणि तिच्यासोबत स्मरणाचीही.

पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या, देखभाल होऊ न शकणाऱ्या कबरी येथे एकत्र आणल्या गेल्या. त्याच आवारातील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नोंद आहे. पुण्याच्या लष्कर भागातील दक्षिण मुख्यालयाचे राष्ट्रीय युद्धस्मारक मात्र स्वातंत्र्योत्तर लढायांतील हुतात्म्यांसाठी आहे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे अनावरण झाले. हे स्मारक नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिले, हे त्याचे वैशिष्ट्य.

हिंगोलीचा वारसा

मराठवाड्यात ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. १९०३ मध्ये या फौजेच्या पलटणी भारतीय सैन्यात सामावून घेतल्या गेल्या. त्यांतूनच पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. आज त्या रेजिमेंटचे केंद्र उत्तराखंडात राणीखेत येथे आहे. मुळे मात्र हिंगोली, जालना, औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) छावण्यांत आहेत. शिरड शहापूरसारख्या गावांतून दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना वंदन होते. त्याच दिवशी सैन्यात कामी आलेल्यांची नावेही वाचता येतील.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. राष्ट्रकुल आयोगाची दोन्ही महायुद्धांतील मृतांची नोंदवही संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या संपर्कात असते. उरलेले काम घरातले आहे. ट्रंकेत पडलेले पदक, निवृत्तिवेतनाचे जुने कागद, आघाडीवरून आलेले पत्र यांची नोंद आणि छायाचित्र एखाद्या ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा मंडळाने करून ठेवले, तरी पुरे. ते कागद ओळखणारी पिढी आता थोडीच उरली आहे. मोंतोनेने परक्या मुलुखातील एका तरुणाचे नाव ७९ वर्षांनी कोरले. आपल्या गावातील नावे शोधण्यास तेवढा उशीर होऊ नये.