वसंतकालीन पक्षी-स्थलांतर आणि स्थानिक नोंदींचा इतिहास : ‘अखेरच्या दर्शना’चा प्रश्न

प्रस्तावना

पक्ष्यांचे स्थलांतर हा विषय सामान्यतः प्राणिशास्त्राच्या कक्षेत मोडतो असे मानले जाते. तथापि, पक्षी कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी गेला, हे ज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. कुणीतरी, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट दिवशी केलेल्या नोंदीवर ते उभे असते. नोंद कोणी केली, ती कशी टिकली आणि कशी नष्ट झाली, हे प्रश्न मात्र निःसंशय इतिहासाचे आहेत.

युरोप व उत्तर अमेरिका येथे वसंत ऋतू हा पक्ष्यांच्या आगमनाचा काळ होय. भारतीय उपखंडात तो प्रामुख्याने निरोपाचा काळ ठरतो. महाराष्ट्रातील जलाशयांवर हिवाळा काढलेले पट्टकादंब व चक्रवाक, अंगणात व पाणवठ्यावर शेपटी हलवीत फिरणारे धोबी, पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर आणि ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या हे सर्व फाल्गुन-चैत्राच्या सुमारास लडाख, तिबेट व मध्य आशियाच्या दिशेने परतू लागतात. आगमन आणि निर्गमन यांतील या भेदाचा नोंदींच्या इतिहासावर कोणता परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे

1. वसंतकालीन स्थलांतराच्या ज्ञानात स्थानिक, हौशी निरीक्षकांचे स्थान स्पष्ट करणे.
2. भारतातील स्थलांतर-नोंदींच्या परंपरेचा संक्षिप्त आढावा घेणे.
3. ‘प्रथम दर्शन’ व ‘अखेरचे दर्शन’ या दोन प्रकारच्या नोंदींतील पद्धतिशास्त्रीय फरक तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

अ) आगमनाच्या नोंदी : युरोप आणि अमेरिका

हिवाळ्यात पक्षी कोठे जातात, याविषयी युरोपात दीर्घकाळ तर्कच चालत होते. पाकोळ्या शीतनिद्रा घेतात अशी अॅरिस्टॉटलची समजूत होती, तर 16 व्या शतकात त्या पाण्याखाली राहतात असेही लिहिले गेले. इंग्लंडमधील सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी पाकोळ्यांच्या आगमनाच्या तारखा वर्षानुवर्षे टिपल्या. तरीही 1789 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात शीतनिद्रेची शंका पूर्णतः मावळलेली दिसत नाही. 1822 च्या वसंतात उत्तर जर्मनीत मानेत आफ्रिकी भाला अडकलेला एक बलाक आढळला, आणि हे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात याचा प्रत्यक्ष पुरावा त्यातून मिळाला. तो पक्षी आजही रोस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

असा पुरावा योगायोगाने मिळतो. नोंदवही मात्र चिकाटीने भरावी लागते. नॉर्फोक परगण्यातील जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी 1736 पासून वसंताची लक्षणे नोंदविण्यास आरंभ केला. पहिली पाकोळी, कोकिळेचा पहिला स्वर, झाडांची पहिली पालवी अशा या नोंदी त्यांच्या वंशजांनी 1958 पर्यंत चालू ठेवल्या. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिस्तियान मोर्टेन्सन यांनी 1899 मध्ये मैनावर्गीय स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांकित अॅल्युमिनिअमची कडी घातली. पक्षी-वलयांकनाच्या शास्त्रीय पद्धतीचा हा आरंभ मानला जातो.

अमेरिकेत वेल्स कुक यांनी 1881 पासून मिसिसिपी खोऱ्यातील हौशी निरीक्षकांकडून पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा मागविण्यास सुरुवात केली. हा उपक्रम पुढे शासकीय यंत्रणेकडे गेला आणि 1970 पर्यंत चालला. त्यातून सुमारे 60 लक्ष कार्डे जमा झाली. दीर्घकाळ कपाटांत पडून राहिलेली ही कार्डे 2009 पासून संगणकीय प्रतिमांच्या रूपाने स्वयंसेवकांसमोर ठेवण्यात आली. ऋतुमानातील बदलांच्या अभ्यासाला त्यांचा उपयोग होईल, हे ती लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. साधन निर्माण करणाऱ्याला त्याचा भावी उपयोग ज्ञात नसतो, या इतिहासशास्त्रातील तत्त्वाचे हे ठळक उदाहरण होय.

ब) भारतातील परंपरा

भारतात पक्षी-नोंदींचे पहिले मोठे जाळे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी विणले. मराठी वाचकाला ते राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून परिचित आहेत. 1870 च्या दशकात त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक काढले आणि देशभरातील निरीक्षकांशी पत्रव्यवहार ठेवला. 1880 च्या दशकात मात्र ते घरी नसताना शिमल्याच्या निवासस्थानातील त्यांची हस्तलिखिते रद्दी म्हणून बाजारात विकली गेली. अनेक वर्षांची टिपणे त्यात नाहीशी झाली. त्यानंतर त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नमुने लंडनला पोहोचले. टिपणे शिमल्याच्या बाजारात संपली.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. 1886 पासून निघालेल्या संस्थेच्या नियतकालिकात गावोगावच्या लहान लहान नोंदींना जागा मिळाली. 1920 च्या दशकात धार या मराठा संस्थानाच्या सहकार्याने बदकांचे वलयांकन करण्यात आले.

या कार्याला व्यापक स्वरूप आले ते मात्र एका रोगामुळे. 1957 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यज्वर आढळला. त्याचा विषाणू रशियातील ‘वसंत-ग्रीष्म’ मेंदूज्वराच्या विषाणूशी साम्य दाखवीत असल्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असावा, अशी शंका उपस्थित झाली. त्यातून 1959 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीचा स्थलांतर-अभ्यास प्रकल्प सुरू झाला. कड्यांवर क्रमांकासह ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला असे. मुंबईचे नाव पायात घेऊन उडालेल्या पक्ष्याचा ठावठिकाणा दूरच्या एखाद्या शिकाऱ्याच्या वा शेतकऱ्याच्या पत्रावर अवलंबून होता.

क) अखेरच्या दर्शनाची अडचण

प्रथम दर्शन ही घटना असते. पक्षी दिसला, तारीख लिहिली, नोंद पूर्ण झाली. आदल्या दिवसांत तो आलाच नव्हता की केवळ दिसला नाही, ही शंका येथेही उरते. परंतु नव्या पाहुण्याकडे लक्ष सहज जाते. अखेरचे दर्शन त्या दिवशी ‘अखेरचे’ म्हणून कळतच नाही. पुढील अनेक दिवस त्याच ठिकाणी जाऊन ‘आज दिसला नाही’ असे लिहिल्यावाचून ते सिद्ध होत नाही. ज्या देशात वसंत हा प्रस्थानाचा ऋतू आहे, तेथे निरीक्षकाला रिकामे दिवसही नोंदवावे लागतात. नेमके हेच दिवस वहीत उतरत नाहीत.

भरतपूर येथील केवलादेव पाणथळाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे संस्थानी काळातील शिकारींची नोंद शिलापट्टांवर आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेल्याचे त्यावरून समजते. मारलेल्या पक्ष्यांची गणना दगडावर कोरली गेली. परत गेलेल्या पक्ष्यांची गणना कुणी कोरली नाही.

याच पाणथळात सायबेरियन क्रौंच हिवाळा घालवीत असत. 1960 च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या आसपास होती. पुढे ती उतरत गेली. 1993-94 व 1994-95 या हिवाळ्यांत एकही क्रौंच आला नाही, तेव्हा त्यांचा अंत झाला असे वाटले. त्यानंतर मात्र मोजके पक्षी पुन्हा उतरले. 2001-02 च्या हिवाळ्यात एक जोडी आली आणि वसंतात परत गेली. ते प्रस्थान अखेरचे होते, हे त्या दिवशी पाहणाऱ्याला ठाऊक नव्हते. पुढील एकेक रिकाम्या हिवाळ्याने ते अखेरचे ठरविले. म्हणजे एका प्रजातीचा येथील शेवट सांगणारा पुरावा ‘दिसला’ या एका नोंदीत नसून त्यानंतरच्या ‘दिसला नाही’ या नोंदींत आहे.

ड) महाराष्ट्रातील लोकस्मृती आणि आधुनिक नोंदी

महाराष्ट्रातील लोकस्मृतीने आगमनच अधिक जपले आहे. वसंत सरता सरता, पावसाच्या तोंडावर चातक येतो, सह्याद्रीच्या रानात नवरंग शीळ घालू लागतो. शेतकरी अशा आगमनाचा उल्लेख तारखेने करीत नाही, नक्षत्राने करतो. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवर आधारलेली असल्याने ती चांद्र तिथीप्रमाणे मागेपुढे होत नाहीत. रोहिणी सुमारे 25 मे रोजी व मृग 7-8 जूनला लागते. त्यामुळे ‘मृगाआधी चातक आला’ ही मौखिक साक्षही सुमारे पंधरवड्याच्या मर्यादेत कालनिश्चित करता येते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे साधन दुर्लक्षू नये. भोरड्या कधी गेल्या याविषयी मात्र अशी साक्ष सहसा मिळत नाही. त्या ज्वारीचे नुकसान करतात म्हणून येताना लक्षात राहतात. जाताना त्यांची दखल घेण्याचे कारण उरत नाही.

2007 मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमानेही आरंभी निवडक हिवाळी पाहुण्यांच्या प्रथम आगमनावर भर दिला होता. पुढे ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळामुळे पाहिलेल्या सर्व पक्ष्यांची संपूर्ण यादी देण्याची पद्धत रुजली. यादी संपूर्ण असेल, तर तीत नसलेला पक्षी ‘आढळला नाही’ असे मानता येते. अभावाची नोंद अशा रीतीने प्रथमच मोठ्या प्रमाणावर साठू लागली. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी 2020 व 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले अहवाल मुख्यत्वे अशाच याद्यांवर आधारलेले आहेत. तथापि, अशा याद्या भूतकाळात जाऊन करता येत नाहीत. ज्या तळ्यावर वीस वर्षांपूर्वी कुणी वही ठेवली नाही, त्या तळ्याचा तो वसंत कायमचा अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष

1. वसंतकालीन स्थलांतराचे ज्ञान धर्मोपदेशक, शिक्षक, शेतकरी अशा स्थानिक निरीक्षकांच्या दिनांकित नोंदींतून घडले आहे.
2. या नोंदींचे मोल त्या टिकण्यावर अवलंबून असते. कुक यांची कार्डे व ह्यूम यांची हस्तलिखिते ही या विधानाची दोन टोके होत.
3. भारतीय वसंत हा मुख्यतः प्रस्थानाचा काळ असल्याने येथे अभावाच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. आणि तीच नोंद सर्वांत दुर्मीळ आहे.
4. महाविद्यालय ही एका ठिकाणी दीर्घकाळ टिकणारी संस्था असते. विद्यार्थी बदलतात, परिसर व दप्तर कायम राहते. इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी मिळून परिसरातील एका तळ्याची वा माळाची नोंदवही ठेवल्यास, आणि तीत पक्षी न दिसलेले दिवसही लिहिल्यास, पुढील पिढीच्या हाती एक अस्सल साधन येईल. यंदाच्या चैत्रात उडून गेलेला थवा अखेरचा होता की नव्हता, हे त्याच वहीवरून कळेल.