दगडी हत्यारे : तापी खोरे

सुरतेजवळ समुद्राला मिळणाऱ्या तापीच्या खोऱ्यात अश्मयुगीन कारागिरीतील बदल पाहायला मिळतात.

आद्य पुराश्मयुगात दगडावर आघात करून मोठे छिलके काढत व हातकुऱ्हाडी, फरशा घडवीत. तमिळनाडूतील अत्तिरंपक्कम येथील अशी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची आहेत. मध्य पुराश्मयुगात दगडाच्या गाभ्याला आधी आकार देऊन मग हवा तसा छिलका काढण्याचे तंत्र रुळले. तासण्या व टोचे त्यातूनच घडले.

यापुढचा क्रम तापीची उपनदी असलेल्या गिरणेच्या खोऱ्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडला. 1970च्या दशकात शां. अ. साळी यांनी तेथे उत्खनन केले. मध्य पुराश्मयुगीन छिलक्यांच्या थरावर लांब, समांतर कडांची पाती आणि त्याही वर सूक्ष्मास्त्रे मिळाली. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही सापडले.

सूक्ष्मास्त्रे आकाराने इवलीशी असत. लाकडी वा हाडाच्या दांड्यात ती ओळीने बसवत. एक तुटले की तेवढेच बदलता येई. दख्खनच्या कातळात मिळणारे अकीक, सूर्यकांत हे बारीक कणांचे दगड त्यासाठी सोयीचे ठरले.

सुरतेच्या उत्तरेला, खंभातचे कारागीर आजही लोखंडी टोकावर अकीक टेकवून शिंगाच्या हातोडीने छिलके उडवतात.