तर्जुमा करणारा माणूस

वर्गात 'तर्जुमा' या शब्दाचा अर्थ सांगताना मला हटकून इस्तंबूलचा दुभाषी आठवतो. अरबीतला 'तर्जुमान' तो हाच. युरोपियनांच्या तोंडी त्याचा 'ड्रॅगोमन' झाला. इ. स. १५८० मध्ये सुलतान तिसरा मुराद याने इंग्रज व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. पुढे करारात असेही कलम आले, की इंग्रजावर दावा असेल तर दुभाषी हजर असल्याखेरीज काझीने तो ऐकू नये. केवढे हे संरक्षण!

पण खरी गोम पुढेच आहे. हा दुभाषी पगार खाई इंग्रजांचा आणि प्रजा असे बहुधा सुलतानाची. साहेबाचे कडक शब्द काझीपुढे वा वजिरापुढे उच्चारताना त्याची जीभ अडखळे. मग इंग्रज त्याला बेइमान म्हणत. मला मात्र त्याची कीव येते. शब्द दुसऱ्याचे, जीव मात्र त्याचा टांगणीला!

अखेर १८७७ साली इंग्रजांनी आपलेच तरुण तुर्की शिकवून तयार करायला घेतले. १९२३ च्या लोझान तहाने त्या सवलतीच संपल्या. वाचकहो, दुभाष्याची भाषा आपण पारखून घेतो. त्याला निर्भयपणे बोलता येईल की नाही, हे कुणी विचारतो का?